गुलाबाच्या फुटीवर मावा, सोबत काळे-केशरी किडे: फवारू का थांबू?

नमस्कार मंडळी,

थंडी ओसरली तशी गुलाबांना छान लालसर फूट आली आहे आणि पाठोपाठ मावाही आला आहे. कोवळे शेंडे आणि कळ्यांचे देठ हिरव्या किड्यांनी भरून गेलेत. खालची पानं चिकट झाली आहेत, मुंग्यांची ये-जा चालू आहे. इथवर सगळं ओळखीचं. निंबोळी तेल फवारणारच होते, पण एक पान उलटून पाहिलं आणि हात थांबला.

पानामागे पिवळ्याधमक, लांबट अंड्यांचा पुंजका आहे, सगळी अंडी उभी चिकटलेली. दुसऱ्या फांदीवर काळपट, सहा पायांचे किडे फिरताहेत. अंगावर केशरी ठिपके आणि बारीक काटे, अगदी मगरीच्या पिल्लासारखे. भिंगातून पाहिलं तर एकाने मावा तोंडात धरला होता. माव्यातलेही काही किडे फुगून तपकिरी, कडक झालेत, एकाच्या पाठीला गोल भोक आहे.

हे सगळे कोण? फवारलं तर यांचंही नुकसान होईल ना? आणि नाही फवारलं तर कळ्या हातच्या जातील का? याच कळ्यांची इतके दिवस वाट पाहिली आहे, म्हणून जीव अडकलाय.

उत्तर: अजिबात फवारू नका. काळे-केशरी किडे म्हणजे ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या. अंडीही बहुधा त्याचीच. फुगलेल्या माव्यात इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने अंडं घातलं होतं. तिची अळी माव्याला आतून खाते, मोठी होते आणि पाठीला भोक पाडून माशी बाहेर पडते. भोक नसलेल्यांतून माशा अजून निघायच्या आहेत, तेव्हा ती पानं तोडू नका.

उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात, म्हणून सुरुवातीला मावाच पुढे असतो. थोडा धीर धरा. अळ्या नाहीत त्या शेंड्यांवरचा मावा पाण्याच्या धारेने झाडून टाका. नत्राचं खत सध्या नको, लुसलुशीत फुटीवर मावा जास्त वाढतो. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आजच करा. गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

धागाकर्ती: खूप आभार! मुंग्या शेजारच्या जास्वंदाच्या टेकलेल्या फांदीवरून येताहेत, ती लगेच छाटते. त्या जास्वंदावर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे. तो पुसून काढू ना?

उत्तर: पुसण्याआधी भिंग लावा. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी दिसते आणि त्यालाच खाते. ती आकाराने मोठी असते, अंगावर मेणाचे लांब झुपके असतात आणि डिवचल्यावर भराभर चालते. तशी दिसली तर राहू द्या, बाकीचं साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसा.