इंजिनाआधी ब्रेक
१९६६ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही अमेरिकन गाडी घेतल्यावर आधी इंजिन नव्याने बांधून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. तीच गाडी मी मिशिगनमध्ये चालवत असल्यामुळे आग्रहाने सांगतो की पहिला खर्च ब्रेकवर करावा. ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन ३३५ अश्वशक्तीचे होते (हा आकडा जुन्या पद्धतीने, सुटे इंजिन तपासून काढलेला असल्यामुळे आजच्या आकड्यांशी त्याची तुलना करू नये). मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच कप्प्याचा, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. माझ्या गाडीची मागची गंजलेली नळी एका उतारावर फुटली तेव्हा पेडल थेट तळाला टेकले, आणि खालचे गिअर टाकत, डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबत मी ती कशीबशी कडेला घेतली. त्यानंतर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. मूळ भाग जपून ठेवले आहेत.

इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्या आतून सुटू लागतात.

एवढे करण्याची तयारी असेल तर ही गाडी जरूर घ्यावी. थंड सकाळी अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबून चोक लावावा, किल्ली फिरवावी, आणि किंचित रेस केल्यावर ते लांबलचक बॉनेट एका अंगावर हलकेच कलते, ते पाहण्यासाठी मी आजही पाच मिनिटे लवकर निघतो.