मदत हवी आहे: इराणची क्रांती, आधी आणि नंतर

मंडळी, १९७९ च्या इराणी क्रांतीआधीचं आणि नंतरचं बायकांचं आयुष्य यावर टिपण लिहितेय आणि गाडी रुतलीय. आखूड स्कर्टमधल्या मुलींचे तेहरानचे जुने फोटो बघून काम सोपं वाटलं होतं. क्रांतीनंतर बायकांनी गमावलं तर बरंच: लग्न-घटस्फोटात त्यांना हक्क देणारा १९६७ चा कुटुंब संरक्षण कायदा लगेच गुंडाळला, स्त्री न्यायाधीशांना खुर्चीवरून उठवलं, पुढे हिजाब सक्तीचा झाला. माजी शिक्षणमंत्री फर्रुखरू पारसा यांना १९८० मध्ये मृत्युदंड दिला. हे वाचून रात्रभर झोप नाही आली.

पण क्रांतीआधी शहाच्या (इराणच्या राजाच्या) काळात ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा होती, १९७५ पासून एकच पक्ष. आणि १९३६ मध्ये त्याच्या बापाने पोलिसांकरवी बायकांचे चादोर (डोक्यापासून पायापर्यंतचं पांघरूण) उतरवले (सक्ती तेव्हाही होतीच, फक्त उलटी!). वर क्रांतीनंतर खेड्यातल्या मुलींची साक्षरता झपाट्याने वाढली, विद्यापीठंही मुलींनी भरली.

मग तुलना कशावर करू? कायद्यातल्या हक्कांवर की रोजच्या जगण्यावर? शहर आणि खेडं वेगळं मांडू का? इराणी बायकांच्या आठवणींचे मराठी अनुवाद माहीत असतील तर प्लीज सांगा. शनिवारी द्यायचंय.