गार्ड ड्राफ्टसाठी तयार आहे, हे कशावरून ओळखावे?

कोर्टाबाहेरचा:
अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल मी काही वर्षे नियमित पाहतो. तरीही एखादा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून बाहेरून खेळ रचणारा खेळाडू, एनबीए या व्यावसायिक लीगसाठी तयार आहे की नाही, याबाबत माझा अंदाज वारंवार चुकतो. केंटकी विद्यापीठाच्या रीड शेपर्डचेच पाहा. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी त्याचे ५२.१ टक्के थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे नेम) बसले आणि मिसिसिपी स्टेटविरुद्ध ३२ गुण करून अखेरच्या क्षणी विजयी बास्केटही त्यानेच केला. २०२४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, ह्यूस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले, तेव्हा मला शंका घेण्याजोगे काहीच दिसले नाही. मग एनबीएच्या पहिल्या हंगामात तो सामन्यामागे ४.४ गुणांवर का थांबला? आकडे फसवे होते, की मी भलतेच आकडे पाहत होतो?

जुना शिट्टीवाला:
आकडे खरे होते, पण थोडे होते. ५२.१ टक्के म्हणजे १४४ पैकी ७५ नेम, आणि ३३ पैकी २८ सामन्यांत तो बाकावरून उतरला होता. शिवाय महाविद्यालयात थ्री पॉइंटरची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर असते, तर एनबीएत कोपरे वगळता ती २३ फूट ९ इंचांवर जाते, आणि हल्ला पूर्ण करण्यासाठी ३० ऐवजी २४ सेकंदच मिळतात.

माझी सवय अशी की नेम बसला का, हे मी शेवटी पाहतो. सहकाऱ्याने स्क्रीन लावल्यावर, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभे राहून त्याला अडवल्यावर, समोरचा उंच खेळाडू पुढे सरसावला, तर गार्ड चेंडू धरून मागे हटतो, घाईने पास देतो, की त्या खेळाडूला आपल्याकडे ओढून घेऊन मगच मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे चेंडू सोडतो, यात त्याची तयारी दिसते. ओकलंडने केंटकीला ८०-७६ असे हरवून राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेबाहेर काढले, त्या सामन्यात शेपर्डचे गुण होते ३. एका सामन्यावरून कोणालाही मोडीत काढू नये. पण दुसरा कोणी जागा करून देत नसेल तेव्हा हा ती स्वतः करतो का, हा प्रश्न तेथे पडायला हवा होता.

तिसरा क्वार्टर:
‘तयार असणे’ आणि ‘निवडण्याजोगा असणे’ या दोन गोष्टींची येथे गल्लत होत आहे. जेलन ब्रन्सन तीन वर्षे व्हिलानोव्हात खेळला, २०१६ आणि २०१८ची राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदे त्याने मिळवली, तरी ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक लागला ३३वा. फ्रेड व्हॅनव्हलीट विचिटा स्टेटमध्ये चार वर्षे काढून २०१६च्या ड्राफ्टला आला आणि साठ निवडींपैकी एकीतही कोणत्याच संघाने त्याचे नाव घेतले नाही. हे दोघेही तयार होते. संघ मात्र विसाव्या वर्षाचा खेळाडू घेताना त्याच्या पंचविसाव्या वर्षावर डाव लावतो. योगायोग असा की ह्यूस्टनमध्ये शेपर्डच्या पुढे हाच व्हॅनव्हलीट उभा होता, आणि त्या हंगामात ५२ सामने जिंकणाऱ्या संघाला नवख्याला खेळवत शिकवण्याची निकड नव्हती. त्यामुळे बाकावर बसणे म्हणजे नापास होणे, असे मी तरी मानत नाही.

डेव्हिडसनप्रेमी:
आणखी एक वर्ष थांबण्याचा उपयोग पाहायचा असेल, तर डेव्हिडसन महाविद्यालयाचा, पुढे एनबीएत गाजलेला स्टीफन करी आठवा. २००८मध्ये कॅन्ससकडून डेव्हिडसनची ५९-५७ अशी हार झाली, तेव्हा तो मुख्यतः नेमबाज होता. चेंडू जेसन रिचर्ड्स सांभाळत असे. रिचर्ड्स गेल्यावर करीने पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू सांभाळून हल्ला रचण्याची, जबाबदारी घेतली आणि सामन्यामागे २८.६ गुणांसह देशात पहिला आला. तरीही २००९च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले, आणि दोघांपैकी एकही करी नव्हता! उलट २०११मध्ये जिमर फ्रेडेट २८.९ गुणांची सरासरी घेऊन आला, दहावा निवडला गेला आणि एनबीएत टिकला नाही. केवळ गुणांच्या तक्त्यावरून या दोघांतला फरक कळत नाही.

कोर्टाबाहेरचा:
आभारी आहे. एक शंका उरते: महाविद्यालयात शेपर्ड सामन्यामागे अडीच स्टील करत असे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावत असे. निदान बचावाच्या बाबतीत तो तयार होता, असे म्हणता येईल ना?

जुना शिट्टीवाला:
स्टील म्हणजे पासचा अचूक अंदाज आणि चपळ हात. समोरच्याला अडवून धरणे निराळे. बुटांविना त्याची उंची ६ फूट पावणेदोन इंच भरली. एनबीएतील संघ बुटक्या गार्डला शोधून काढतात. तो ज्याला अडवत असेल त्यालाच स्क्रीन लावायला पाठवतात, म्हणजे अदलाबदल होऊन त्यांचा सर्वांत बलवान खेळाडू या गार्डसमोर येतो. महाविद्यालयीन सामन्यांत हा प्रसंग फार वेळा येत नाही, पण येतो तेव्हा तेवढे ताबे (चेंडू एका संघाकडे असण्याच्या पाळ्या) वेगळे काढून पाहा.