असेंद्रिय पेरोव्स्काइट एलईडी: कार्यक्षमता वाढवायची, पण कोणत्या वाटेने?

स्फटिकमित्र (प्रस्ताव)
पेरोव्स्काइट म्हणजे ठरावीक जाळीरचनेचे स्फटिक; वीज दिली की त्यांचा पातळ थर प्रकाश देतो. त्यांतील सिझियम लेड ब्रोमाइडसारख्या असेंद्रिय पेरोव्स्काइटकडे संशोधक वळले ते मुख्यतः उष्णतेमुळे. मिथाइलअमोनियमसारखा सेंद्रिय आयन तापल्यावर तग धरत नाही, सिझियम धरतो. २०१४ साली केंब्रिजच्या गटाने सामान्य तापमानाला चालणारे पेरोव्स्काइट एलईडी दाखवले, तेव्हा आत सोडलेल्या शंभर इलेक्ट्रॉनांमागे एकही फोटॉन धड बाहेर पडत नव्हता. २०१८ साली चीनमधील ह्वाछ्याओ विद्यापीठाच्या गटाने सहकाऱ्यांसह हिरव्या दिव्यात हे प्रमाण २०.३ टक्क्यांवर नेले, परंतु त्यात सिझियम लेड ब्रोमाइडभोवती मिथाइलअमोनियम ब्रोमाइडचे कवच होते. जो घटक टाळण्यासाठी सिझियम आणले, त्याच्याच आधाराने विक्रम करणे मला पटत नाही. खरा दोष थरात आहे. सिझियम ब्रोमाइड डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात फार कमी विरघळते. त्यामुळे फिरत्या काचेवर बसणारा थर विरळ राहतो, त्यातील सूक्ष्म छिद्रांतून वरचा आणि खालचा वाहक थर एकमेकांना भिडतात आणि वीज प्रकाश न देताच निघून जाते. आधी सिझियम ब्रोमाइडचे प्रमाण किंचित वाढवून किंवा निर्वातात बाष्पीभवनाने हा थर सलग करावा.

वाहक
मी असहमत आहे. स्फटिकाच्या जाळीतला सेंद्रिय आयन आणि पृष्ठभागावर चिकटलेला सेंद्रिय रेणू यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. पृष्ठभागावरचा ब्रोमाइड निसटला की उघड्या पडलेल्या शिशाच्या आयनांपाशी इलेक्ट्रॉन अडकतात. ती जागा भरायला रेणू हवेतच. नॅनोस्फटिक (अतिसूक्ष्म स्फटिक) धुणाऱ्या कोणालाही हा पेच ठाऊक असतो: कमी धुतले तर पृष्ठभागावर चिकटलेल्या ओलेइक आम्लाच्या लांब साखळ्या वीज अडवतात, जास्त धुतले तर द्रावणाची हिरवी चमकच मावळते. लांब साखळ्यांच्या जागी डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइडसारखा आखूड रेणू बसवला, तर दोन्ही बाजू सांभाळता येतात. शिवाय २०२२ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या गटाने गाठलेली २८.९ टक्के कार्यक्षमता मुख्यतः फॉर्मअमिडिनियम हा सेंद्रिय आयन असलेल्या स्फटिकांची होती, आणि १०० कँडेला प्रति चौरस मीटर तेजस्वितेला त्यांचे अर्धायुष्य (तेज निम्म्यावर येईपर्यंतचा काळ) ३०,००० तासांहून अधिक असल्याचा अंदाज दिला गेला. सेंद्रिय म्हणजे अल्पायुषी, हे गृहीतक तिथेच कोसळते.

किरणमापक
आपण दोघेही प्रकाश निर्माण होण्यावर बोलत आहात, बाहेर पडण्यावर नाही. या थराचा अपवर्तनांक दोनच्या आसपास असल्याने सपाट दिव्यात निर्माण झालेल्या प्रकाशाचा मोठा भाग आतच अडकतो. त्यातला काही थर पुन्हा शोषून पुन्हा बाहेर टाकतो, हे खरे. परंतु थरात दोष असतील तर प्रत्येक फेरीत नुकसान होते. म्हणून प्रस्तावकांचा थराचा आग्रह मला योग्य वाटतो, कारण मात्र वेगळे आहे.

स्फटिकमित्र
वाहक, पृष्ठभागाबद्दलचा आपला मुद्दा मी मान्य करतो. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेसह अनेक ठिकाणी सिझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवर काम होते, तिथेही लिगँडचा, म्हणजे पृष्ठभागावर चिकटणाऱ्या रेणूंचा, प्रश्न टळत नाही. परंतु आयुर्मानाचे असे आकडे सहसा अधिक तेजस्वितेला केलेल्या छोट्या चाचण्यांवरून ताणून काढलेले असतात. निळ्या दिव्याची स्थिती तर आणखी बिकट आहे: ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळले की विद्युतक्षेत्रात दोन्ही आयन वेगळे होऊ लागतात आणि दिवा चालू असतानाच रंग हिरव्याकडे सरकतो. तिथे कवच चढवून भागणार नाही, आयनांची हालचालच रोखावी लागेल.

वाहक
ती हालचालही पृष्ठभागावरच्या आणि कणसीमांवरच्या (थरातील स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथल्या) रिकाम्या जागांतूनच अधिक होते. त्या जागा बुजवणाऱ्या रेणूंना आपण विरोध का करता, हे मला अजून समजलेले नाही.