गोरिलाला घड नको, खोड द्या

रावेर-यावलच्या केळीचे घड प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलाला रोज द्यावेत, ही कुणीतरी केलेली सूचना मनापासून आलीय, पण त्यानं जनावराचं नुकसानच होईल. जंगलातला गोरिला मुख्यतः पाला, देठ, कोंब, साली खातो. पूर्ण वाढलेला नर दिवसाला १८ किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त. युगांडात डोंगरी गोरिला केळीच्या बागांत शिरतात तेही बहुतेक खोड फाडून आतला पाणीदार गाभा खायला. घड उतरल्यावर आपण जे बांधावर फेकतो, नेमकं तेच!

पिंजऱ्यात गोड फळं आणि पिठूळ बिस्किटं दिली की खाणं झटकन संपतं. मग दिवस रिकामा, अंगावर चरबी, आणि खाल्लेलं ओकून पुन्हा खाण्याची सवय. बंदिवासातल्या नरांच्या मृत्यूचं मोठं कारण हृदयविकार आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात बिस्किटं बंद करून तिथल्या दोन नरांना प्रत्येकी रोज साधारण साडेचार किलो भाजीपाला सुरू केला. वर्षभरात दोघांचं वजन प्रत्येकी सुमारे ३० किलो उतरलं, ओकणंही थांबलं.

बदल मात्र हळूहळू करावा लागतो. पाला-फांद्या दिवसभर थोड्या थोड्या, आवारात विखरून टाकायच्या, म्हणजे शोधण्यात वेळ जातो. खोडाचा गाभा चालेल, पण फवारणीच्या बागेतला अजिबात नको.