रॉ फाईल्स मॅक्रोने उघडायच्या की हाताने? एकदाचं बोलून टाकू

पिक्सेलपंत:
काल जेवून आलो तर आमचा ज्युनिअर इमेजजे (मायक्रोस्कोपची चित्रं बघायचं-मोजायचं सॉफ्टवेअर) उघडून एकेक रॉ फाईल आत घेत बसलेला. रॉ म्हणजे नुसते पिक्सेलचे बाइट, रुंदी-उंची आपणच सांगायची. २४० फाईल्स, आणि दर वेळी तीच खिडकी, १६ बिट अनसाइन्ड (दर पिक्सेलला २ बाइट), विड्थ, हाइट, ऑफसेट (सुरुवातीचे किती बाइट सोडायचे), लिटल एंडियनची (त्या २ बाइटांच्या क्रमाची) टिक, ओके. वर दोन कॅमेऱ्यांचा माल एकाच फोल्डरात कोंबलेला म्हणून मधेच २०४८ मधेच १०२४. एकदा २०४८ ऐवजी २०८४ पडलं तर चित्र असं तिरपं झालं की जणू वाऱ्याने पाऊस झोडपतोय. अरे बाबा इमेजजेचा रेकॉर्डर लाव, एक फाईल उघड, त्या कामाच्या आज्ञेची ओळ आयती लिहून मिळते, ती सगळ्या फाईल्सवर फिरणाऱ्या लूपमध्ये टाक की झाला मॅक्रो, आणि चहाला जा. माझं मत सरळ आहे, लॅबमध्ये हाताने रॉ इम्पोर्ट करायला बंदीच घाला.

सूक्ष्मदर्शीण:
पंत, बंदी घालायचीच तर दुसऱ्याचा मॅक्रो न वाचता चालवण्यावर घाला. तिरपं चित्र दिसतं तरी, माणूस शिव्या घालून परत उघडतो. आमच्याकडे काय झालं ऐका. सिनियर सोडून गेली, मॅक्रो ठेवून गेली, दोन वर्षं कुणी तो उघडून पाहिला नाही. मधे कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि ते दर फ्रेमनंतर ४ बाइटचा एक काउंटर लिहायला लागलं. मॅक्रोत गॅप, म्हणजे दोन फ्रेम्सच्या मधे सोडायचे बाइट, शून्य. ४ बाइट म्हणजे १६ बिटमध्ये २ पिक्सेल, त्यामुळे प्रत्येक फ्रेम आधीच्यापेक्षा २ पिक्सेल उजवीकडे, ९० फ्रेम्सच्या शेवटी १७८. सगळे म्हणाले स्टेज, म्हणजे नमुना ठेवायचा मंच, सरकतंय. स्टेजचे स्क्रू आवळले, एसीची हवा लागते म्हणून पुठ्ठा लावला, शेवटी ड्रिफ्ट करेक्शन मारून (सॉफ्टवेअरने फ्रेम्स परत जागेवर सरकवून) डेटा "सुधारला" पण! कुणाच्या तरी लक्षात आलं की उजव्या कडेने अर्धी बाहेर गेलेली पेशी डावीकडून आत येतेय, तीही एक ओळ खाली. स्टेज सरकलं तर असं कधी होईल का?

पिक्सेलपंत:
ताई, किस्सा भारी आहे पण ह्यात मॅक्रोचा काय दोष? हाताने उघडणाऱ्यानेही गॅप शून्यच ठेवला असता.

सूक्ष्मदर्शीण:
ठेवला असता, मान्य. पण हाताने करणारा निदान रोज त्या खिडकीकडे बघतो हो. मॅक्रो चूक करतो ती सगळीकडे सारखी करतो, आणि सगळं सारखं दिसलं की आपल्याला ते बरोबर वाटतं.

चहाटळ_फोटॉन:
मधे बोलतो, सॉरी. त्याच खिडकीत खाली "ओपन ऑल फाइल्स इन फोल्डर" ची टिक आहे, ती कुणालाच कशी दिसत नाही? शिवाय ती खिडकी मागचे आकडे लक्षात ठेवते, दर वेळी टाइप करायची गरजच नाही. पंतांच्या ज्युनिअरने दोन कॅमेऱ्यांचे दोन फोल्डर केले असते तर मॅक्रोही नको आणि हा धागाही नको 😄

फॉरमॅटभक्त:
मला एक कळत नाही, रॉ उघडायचीच कशाला? झाइसची सीझेडआय फाईल असो, निकॉनची एनडी२ असो, फिजीमध्ये (इमेजजेचीच प्लगइन्ससकट आवृत्ती) बायो-फॉरमॅट्स हे प्लगइन आयतं बसवलेलंच येतं, दीडशेच्या वर फॉरमॅट वाचतं. पिक्सेलचा आकार, चॅनेल, वेळ सगळं फाईलमधून येतं. आकडे हाताने भरायचे की मॅक्रोने, हा वादच उरत नाही.

पिक्सेलपंत:
कंपनीचा मायक्रोस्कोप असणाऱ्यांची मजा आहे. आमचा सेटअप घरचा, कॅमेरा नुसते बाइट ओकतो, फाईलच्या सुरुवातीला हेडर (माहितीचे बाइट) आहे तोही कुठे लिहून ठेवलेला नाही. बायो-फॉरमॅट्स काय कुंडली मांडणार?

तारांगण_तात्या:
आम्हा खगोलवाल्यांना हे बघून गंमत वाटते. आमचा फिट्स हा फाईल फॉरमॅट १९८१ पासून आहे, हेडर साधा वाचता येईल असा मजकूर, २८८० बाइटच्या ठोकळ्यांत, डेटाच्या डोक्यावरच बसलेला, विसरायची सोयच नाही. तुम्ही लोक आकडे वहीत लिहिता आणि वही हरवता. घरचा सेटअप असेल तर लिहितानाच टिफ नाहीतर फिट्स लिहा की.

पिक्सेलपंत:
पुढचं तसं करू तात्या, पण हार्ड डिस्कवर जे चार वर्षांचं पडलंय त्याचं काय?

सूक्ष्मदर्शीण:
त्याच्यासाठी माझी एकच अट. मॅक्रोने उघडायच्या आधी फाईलचा साइज मोजायचा. २०४८ गुणिले २०४८ गुणिले २ म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. फाईल ८३,८९,१२० ची असेल तर वरचे ५१२ हेडरचे, ठीक आहे, पुढे जा. एक बाइट जरी इकडेतिकडे असेल तर तिथेच थांबायचं आणि फाईलचं नाव छापायचं. दोन ओळींचं काम आहे. आमच्या सिनियरने त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर पुठ्ठा लावायची वेळ आली नसती. आणि साइजवरून एंडियन काही कळत नाही, त्यासाठी पहिलं चित्र डोळ्यांनी बघाच. बाइट उलटे पडले की १ चे २५६ होतात आणि २५६ चा १, पार्श्वभूमीवर नकाशासारखे पट्टे येतात.

पिक्सेलपंत:
बरं, ही अट मान्य. बंदी मात्र मागे घेत नाही.

चहाटळ_फोटॉन:
तह झाला म्हणायचा. ज्युनिअरचं पुढे काय झालं पण?

नवशिका२४०:
तो ज्युनिअर मीच 🙏 काल रात्री मॅक्रो लिहिला. पहिला तास फाईलच सापडत नव्हती, फोल्डरचं नाव "नवा डेटा" ठेवलेलं, मधल्या जागेवर पाथ तुटत होता, चौकटी कंसात घातला तेव्हा चालला. मग ताईंची साइजची अट वाचून आत्ता तेवढंच लावून बघितलं, दोन्ही कॅमेऱ्यांना आपापले आकडे देऊन. २३७ बरोबर आल्या. तीन छोट्या आहेत, बहुतेक रेकॉर्डिंग मधेच थांबलं असावं.

पिक्सेलपंत:
कुठल्या तीन?

नवशिका२४०:
सर, त्यातली एक पोस्टरवर आहे.

पिक्सेलपंत:
फोन कर. आत्ता.