सुपरचार्जरवाल्या गाडीला ऑईल कॅच कॅन: गरज की नुसती हौस?

रोटरराव (धागाकर्ता)

सुपरचार्जर म्हणजे इंजिनावर फिरणारा, आत जादा हवा दाबणारा पंप. तो जास्त वेगाने फिरवणारी छोटी पुली, मोठे इंजेक्टर, ट्यून यांवर सढळ हाताने खर्च करणारी मंडळी ऑईल कॅच कॅनचं (इंजिनातून येणाऱ्या वायूतलं तेल पकडणाऱ्या डब्याचं) नाव काढलं की नाक मुरडतात. ‘बॉनेटखालचं शोभेचं डबडं’ म्हणून मोकळी होतात. माझं मत सरळ आहे: सुपरचार्जर असेल तर कॅन हवाच.

पिस्टन रिंग कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांना चुकवून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) उतरतोच. हा ब्लो-बाय. बूस्टने (सुपरचार्जरच्या जादा दाबाने) सिलिंडरमधला दाब वाढतो, तसा तोही वाढतो. शिवाय बूस्टसाठी बांधलेल्या इंजिनात रिंगची फट मुद्दाम मोठी ठेवतात. १०० मिमी बोअरला साध्या इंजिनात वरच्या रिंगची फट ०.४५ मिमीच्या आसपास असते, बूस्टवर ०.६० किंवा त्याहून जास्त. कमी ठेवली तर रिंग तापून तिची टोकं भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून थंड इंजिनात सैल बसतात. तेव्हाचा ब्लो-बाय वेगळाच.

हा वायू तेलाचं धुकं घेऊन पीसीव्हीच्या (क्रँककेसमधला वायू ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीतून पुन्हा इंटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या मार्गात) जातो. जनरल मोटर्सच्या एलटी४ किंवा डॉज हेलकॅटच्या इंजिनात इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा) सुपरचार्जरच्या घरातच बसवलेला असतो. तेल सुपरचार्जरच्या फिरत्या रोटरवरून थेट त्याच्या पत्र्यांवर. पत्र्यांवर तेलाचा थर बसला की उष्णता पाण्याकडे नीट जात नाही, आत जाणारी हवा गरम राहते. तेलाचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी, त्यामुळे नॉकची (मिश्रण अवेळी पेटण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे पुलीने कमावलेलं तेलाने घालवलं. आणि इंटरकूलर धुवायचा तर अख्खा सुपरचार्जर उघडा.

स्टॉक_सखाराम

असहमत. वर्णन बरोबर, निष्कर्ष घाईचा.

कंपनीने टॅपेट कव्हरमध्ये तेल वेगळं करणारे आडपडदे आधीच दिलेले असतात. कोर्व्हेट झेड०६ च्या एलटी४ ला तर ड्राय संप (तेलाची वेगळी टाकी) आहे, तिथे तेलाच्या टाकीतच हवा आणि तेल वेगळं होतं. तेच एलटी४ कमारो झेडएल१ मध्ये वेट संपवर (तेल इंजिनाखालच्याच भांड्यात) चालतं. एकाच नावाच्या इंजिनाची ही गत, आणि आपण ‘सुपरचार्जर असेल तर हवाच’ असा सरसकट फतवा काढतोय.

दुसरं, कॅनमध्ये साठलेलं पाहून लोक हबकतात, ‘एवढं तेल इंजिनात जात होतं!’ ते सगळं तेल नसतं हो. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण ब्लो-बायबरोबर थोडं खाली उतरतंच. कॅन थंड जागी असतो, तिथे पाण्याची आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ जमते. ही वाफ एरवी निमूटपणे इंजिनात जाऊन बाहेर पडली असती. ते कॉफीच्या रंगाचं पातळ द्रव म्हणजे कॅनच्या कर्तबगारीचं प्रमाणपत्र नव्हे.

आधी स्वस्तातल्या गोष्टी करा. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर कधीही नको. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदला. तेल घेताना नोआक आकडा बघा: २५०° सेल्सिअसला १ तासात किती टक्के तेल उडून जातं ते. तेलाच्या मानकांपैकी आयएलसॅक जीएफ-६ ला १५% पर्यंत चालतं, एसीईए ए३/बी४ ला १३%. १० च्या आतलं चांगलं सिंथेटिक मिळतं. उडणारं तेलच कमी झालं तर पकडायचं काय?

व्हॅक्यूम_वहिनी

दोघंही एक गोष्ट गाळताय: कोणती नळी? क्रँककेसला दोन तोंडं असतात. एक पीसीव्हीची, म्हणजे ओढणारी. दुसरी ब्रीदरची, जिच्यातून एरवी गाळलेली ताजी हवा आत येते. बूस्टवर नेमकं काय होतं ते सुपरचार्जरच्या जातीवर ठरतं.

सेंट्रीफ्यूगल (टर्बोसारख्या पंख्याच्या) सुपरचार्जरमध्ये थ्रॉटल बॉडी (पेडलने उघडणारी हवेची झडप) कंप्रेसरच्या नंतर असते. बूस्ट आला की अख्खा मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) दाबाखाली. पीसीव्हीला तिथे सक्शन मिळतच नाही, व्हॉल्व्ह बंद होतो आणि सगळा ब्लो-बाय उलट्या दिशेने ब्रीदरमधून कंप्रेसरच्या तोंडाशी जातो. व्हॉल्व्ह थोडा जरी गळका असेल तर बूस्टच क्रँककेसमध्ये शिरतो. अशा गाडीत फक्त पीसीव्हीच्या नळीवर कॅन लावला तर फुल थ्रॉटलचं तेल त्याच्याकडे फिरकतही नाही.

रूट्स किंवा ट्विन-स्क्रूमध्ये (एकमेकांत फिरणाऱ्या दोन रोटरच्या सुपरचार्जरमध्ये) थ्रॉटल बॉडी रोटरच्या आधी असते आणि पीसीव्हीची नळी बहुधा या दोघांच्या मध्ये जोडलेली असते. तिथे बूस्ट कधीच नसतो! फुल थ्रॉटलला सक्शन अगदी क्षीण होतं, पण दाब उलटत नाही. ‘बूस्टमध्ये पीसीव्ही बंद पडतो’ हे वाक्य या गाड्यांना जसंच्या तसं चिकटवू नये. अडचण एवढीच की ब्लो-बाय सर्वात जास्त असतो तेव्हाच सक्शन सर्वात कमी, म्हणून उरलेला वायू ब्रीदरकडून वाट काढतो.

तेव्हा आधी बॉनेट उघडून दोन्ही नळ्या कुठून निघून कुठे जातात ते बघा. वाद नंतर.

डायरेक्ट_दामले

+१ वहिनींना. त्यात इंजेक्शनचा मुद्दा घाला. हेलकॅटचं ६.२ लिटर आणि २०२० च्या फोर्ड मस्टँग जीटी५०० चं ५.२ लिटर, दोन्ही पोर्ट इंजेक्शनची. पेट्रोल इंटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, तेल धुतलं जातं. एलटी४ आणि ऑडीचं ३.० टीएफएसआय सुपरचार्ज्ड ही डायरेक्ट इंजेक्शनची. व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, तेल तिथेच भाजून काळा कडक थर होतो. २०१९ च्या कोर्व्हेट झेडआर१ मधल्या एलटी५ ला दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत.

म्हणून माझा कौल: डायरेक्ट इंजेक्शन असेल तर कॅन लावा, पोर्ट असेल तर इंटरकूलर बघून ठरवा. पण कॅन लावला म्हणून व्हॉल्व्ह आरशासारखे राहतील असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्हॉल्व्ह गाईडच्या सीलमधून झिरपणारं तेल आणि कॅम ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असताना) मागे येणारा जळका वायू यांना कॅन काय करणार? थर बसायला वेळ जास्त लागेल, इतकंच. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफसफाई कधी ना कधी करावीच लागेल.

स्टॉक_सखाराम

दामले, हे पटलं. पण मग धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातलं ‘हवाच’ खोडा की!

रोटरराव

खोडत नाही. पोर्ट इंजेक्शनने व्हॉल्व्ह धुतले जातात, इंटरकूलर नाही. तो इंजेक्टरच्या आधी येतो.

होजक्लॅम्प

लावायचाच असेल तर नीट लावा. निम्म्या तक्रारी कॅनच्या नसतात, जोडणीच्या असतात.

कॅन आतून कसा आहे ते आधी बघा. रिकाम्या डब्याला दोन निपल म्हणजे कॅन नव्हे. आत येणाऱ्या वायूचा वेग मोडला पाहिजे, त्याला वळसा पडला पाहिजे आणि दाट स्टीलच्या जाळीतून जावं लागलं पाहिजे, तरच बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली पडतात. झाकण काढून बघितल्यावर आत येणारं भोक आणि बाहेर जाणारं भोक समोरासमोर दिसलं तर परत करा. भांडी घासायची लोखंडी काथ्याची जाळी कोंबायचा जुगाड करू नका. तिचे तुकडे सुटतात आणि पुढे रोटर आहेत, ज्यांच्यातली फट केसाएवढी.

नळी: तेल सहन करणारी हवी. नायट्राइल रबर चालेल, आतून एफकेएम रबराचा थर असलेली उत्तम. हीटरची ईपीडीएम रबराची नळी अजिबात नको. तेलाने ती फुगते, मऊ पडते आणि आयडलच्या व्हॅक्यूमला चपटी होऊन मिटते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, आत रस्ता बंद.

माप: पीसीव्हीच्या बाजूला ९ ते १० मिमी आतला व्यास पुरतो, कारण तिथला प्रवाह व्हॉल्व्हच ठरवतो. ब्रीदरला तीच नळी लावणं ही नेहमीची चूक. तिथे किमान १६ मिमी. ९.५ मिमीच्या नळीचं छेदक्षेत्र ७१ चौ. मिमी, १६ मिमीचं २०१. जवळजवळ तिप्पट. एएन मापात (नळ्या-फिटिंगच्या अमेरिकी मापात) -१० ची नळी आतून १४ मिमीच्या आसपासच भरते, हे लक्षात ठेवून मागवा. काटकोनी फिटिंग जितकी कमी तितकं बरं.

क्रम असा: इंजिनाकडचं पीसीव्हीचं तोंड, मग कॅनचं ‘इन’, मग कॅनचं ‘आऊट’, मग इंटेक. पीसीव्ही व्हॉल्व्ह, किंवा काही इंजिनांत त्याच्या जागी असलेलं ठरावीक मापाचं छिद्र, काढून टाकायचं नाही. इन-आऊट उलटं लावलं तर बऱ्याच कॅनमध्ये वायू जाळीला बगल देतो. कॅन एक्झॉस्टपासून लांब आणि हवा लागेल तिथे. नळीला मध्येच खाली झोळ नको, तिथे पाणी साचतं. ब्रॅकेट बॉडीवर असेल तर नळीला थोडी ढील ठेवा, इंजिन टॉर्कने हलतं.

जोडून झाल्यावर आयडलवर ऑईल फिलरचं झाकण काढून भोकावर कागद ठेवा. हलकासा ओढला गेला पाहिजे. फडफडून वर उडत असेल तर गाडी बाहेर काढू नका.

पॅडॉक_पाटील

आणि ते छोटे निळे-लाल फिल्टर? ब्रीदरची नळी काढून तिथे फिल्टर खोचायचा, पीसीव्ही तसाच ठेवायचा, हे सर्रास दिसतं. अशाने फिल्टरमधून आलेली हवा क्रँककेसमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाते आणि मास एअरफ्लो सेन्सरला (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तिचा पत्ताच नसतो. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), फ्यूएल ट्रिम (ईसीयूने केलेली पेट्रोलची दुरुस्ती) वर, आयडल डळमळीत. दोन्ही नळ्या उघड्या कॅनमध्ये सोडल्या तर हे टळतं, पण मग क्रँककेसमधून पाणी आणि पेट्रोलची वाफ ओढून काढणारं कुणीच उरत नाही. तेल लवकर खराब होतं, झाकणाखाली पिवळट मलई जमते. वासाचं सोडाच. रस्त्यावरच्या गाडीत वायू उघड्यावर सोडणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. पीसीव्हीची सक्ती मुळात प्रदूषणासाठीच आली, कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये तो निर्णय घेतला.

ट्रॅकवरच्या गाडीचा हिशेब वेगळा. लांब वळणात तेल एका बाजूच्या टॅपेट कव्हरमध्ये चढतं आणि ब्रीदरमधून धुकं नाही, धारच येते. अर्ध्या लिटरचा कॅन तिथे एका सेशनमध्ये भरू शकतो. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या) नियमांत उघड्या ब्रीदरसाठी २००० सीसीपर्यंत २ लिटर आणि त्याच्या वर ३ लिटरची टाकी सांगितली आहे, तीही पारदर्शक किंवा आतली पातळी दिसेल अशी. यात हौसेचा प्रश्नच नाही, ट्रॅकवर सांडलेलं तेल मागच्या गाडीच्या टायरखाली येतं.

स्टॉक_सखाराम

ट्रॅकसाठी हात वर. रस्त्यासाठी माझा हेका कायम: आधी मोजा.

डिपस्टिकच्या नळीला कमी दाबाचा गेज लावा, नळी गाडीत घ्या आणि शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. आयडलवर किंचित व्हॅक्यूम हवा. फुल बूस्टवर काटा शून्याच्या थोडा वर गेला तर चालेल. १ पीएसआयच्या, म्हणजे ७ किलोपास्कलच्या जवळ जात असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचे दिवस भरले. अशा वेळी कॅन लावणं म्हणजे वाहत्या नळाखाली बादली ठेवणं. लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणं) करा. हवा ऑईल फिलरमधून फुसफुसत असेल तर दोष रिंगमध्ये, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये.

दाब ठीक असेल तर थ्रॉटल बॉडी काढून आत बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. रोटरवर नुसता ओलसरपणा असेल तर विसरून जा. तळाशी तेलाचं तळं दिसलं तर मीच कॅन लावायला सांगेन.

गारठ्याचंही बोला कुणीतरी. शून्याखाली कॅनमधलं पाणी गोठतं, नळीचं तोंड बंद होतं, दाब वाढून डिपस्टिक उडते नाहीतर सील फाटतो. कॅनशिवायच्या गाडीत हा धोका कितीतरी कमी.

होजक्लॅम्प

गारठ्याचा मुद्दा मान्य. तिथे दर आठवड्याला रिकामा करा, नाहीतर हिवाळ्यापुरती मूळ नळी परत लावा. जुनी नळी फेकायची नसते ती याचसाठी.

व्हॅक्यूम_वहिनी

कॅनमधलं किती तेल आणि किती पाणी हा वाद घरच्या घरी मिटतो. काढलेलं द्रव काचेच्या उंच बाटलीत ओता आणि उबदार जागी रात्रभर ठेवा. पाणी तळाशी बसतं, तेल वर. पेट्रोल तेलातच मिसळलेलं राहतं, ते वासाने कळतं आणि तेल नेहमीपेक्षा पातळ वाटतं. मधला दुधाळ पट्टा फुटत नसेल तर तो मोजायचा नाही. वरचा तेलाचा थर तेवढा मोजा आणि किती किलोमीटरमागे ते लिहून ठेवा. ते परत इंजिनात ओतायचं नाही, वापरलेल्या तेलाच्या डब्यात टाकायचं.

रोटरराव

बाटली मान्य, गेजही मान्य. पण सखारामपंत, तेलाचं तळं दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे तोवर इंटरकूलरचे पत्रे माखलेले असणार. थ्रॉटलच्या भोकातून बोअरस्कोपला रोटर दिसतात, त्यांच्या पलीकडचा इंटरकूलर दिसत नाही.

स्टॉक_सखाराम

दिसत नाही, पण लॉगमध्ये कळतो. बाहेरचं तापमान सारखं असताना एकाच गिअरमध्ये, तेवढ्याच आरपीएमपर्यंत ओढा आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान नोंदवा. दर सर्व्हिसला हेच. आकडा चढत गेला तर आधी इंटरकूलरचा पंप आणि पाण्याची पातळी तपासा, सिस्टीममधली हवा काढा. हे सगळं ठीक असूनही तापमान चढतंच राहिलं, तर संशय तेलावर.